पाह्यतो म्हणून सांग

आमच्या घरात माय आणि बाबा एकमेकांशी बोलत नसत, आणि ही गोष्ट गावात कोणालाच माहीत नव्हती. ऐकणाऱ्याला खोटं वाटेल. साकोलीच्या अलीकडे सडक सोडून आत चालत गेलं की लागायचं आमचं गाव. तिथं कोणाच्या घरी काय शिजलं हे चार घरं सोडून वासावरून सांगत. कोणाची गाय आटली, कोणाची सून रुसली, सगळं सगळ्यांना ठाऊक. पण एका घरातले नवरा-बायको वर्षानुवर्षं बोलले नाहीत हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. कारण चांगल्या घरची बाई नवऱ्याशी बोलतच नसते, असं आमच्याकडे सगळेच धरून चालत.

बाईला काही सांगायचं असलं की ती लेकराला सांगायची. "बाबाले सांग, पाणी तापलं." बाबा तिथंच दोन हातांवर बसलेले असायचे, त्यांना ऐकू गेलेलं असायचं. तरी लेकरानं जाऊन तेच पुन्हा म्हणायचं, मग ते उठायचे. ह्याला मर्यादा म्हणत. घरोघरी हेच होतं. पण दुसऱ्यांकडे ही मर्यादा म्हातारी माणसं डोळ्यांआड गेली की संपायची, मग नवरा-बायको आपल्या आवाजात बोलायचे, भांडायचे, हसायचेसुद्धा. आमच्याकडे आजा गेला, आजी गेली, समोर कोणी उरलं नाही, तरी मर्यादा काही उठली नाही.

भिंतीला भिंत लागून मोठीमाय राहायची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. ती पाणवठ्यावर अभिमानानं सांगायची, "आमच्या लहानीचा आवाज तिच्या नवऱ्यानं आयकला नसल अजून. अशी सून पाहाले भेटत नाही." मला तेव्हाही मोठीमायचा राग यायचा. आता ती नाही, तरी येतो.

निरोप न्यायचं काम माझं. घरात लेकरू मी एकटीच होते. मायचा निरोप बाबांना, बाबांचा मायला, दिवसभर हेच. माय म्हणायची, "सांग तुझ्या बापाले, घरात मिठाचा खडा नाही आन् हा पान चघळून राहिला." मी दारापुढच्या छपरीत जाऊन म्हणायचे, "बाबा, माय म्हणते मीठ संपलं." बाबा म्हणायचे, "सांग तिले, डोस्कं नको खाऊ." मी आत येऊन म्हणायचे, "बाबा म्हणते आणतो." जिभेवरची घाण मधातच गाळायची, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तर निदान शिकवणाऱ्याला तरी दोन शब्द सुनावले असते.

घरात मी एकटी नव्हते आधी. मला एक लहान भाऊ होता. त्याचं नाव आमच्या घरात घेत नसत, म्हणून मीही घेत नाही.

ते रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. रोपांचे परे वाफ्यातून उपटून तयार, भाताच्या बांधीत पाणी उभं, अशा वेळी आमच्या भागात मेलेला माणूसही खाटेवरून उठून चिखलात उतरतो असं म्हणतात. भावाला काही दिवसांपासून ताप होता. लेकरांना ताप येतात, जातात. पण त्या दिवशी दुपारी त्याचे डोळे वर जायला लागले. माय त्याला मांडीवर घेऊन बसली होती. मला म्हणाली, "धाव. बाबाले सांग, पोरगं नजर फिरवून राहिलं, साकोलीच्या डाक्टरकडे न्या लागते."

मी बांधावरून, धुऱ्याधुऱ्यानं पळत गेले. घसरले, उठले, पळाले. बाबा बैल घेऊन चिखलणी करत होते, गुडघ्यापर्यंत चिखलात. मी धुऱ्यावरूनच सांगितलं. ते थांबले, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "पाह्यतो म्हणून सांग." मी तशीच मागं वळले आणि पळत घरी आले. मायला म्हणाले, "बाबा म्हणते, पाह्यतो."

मायनं भावाला छातीशी धरलं. दाराकडे बघत बसली. बरीच वाट पाहिली तिनं. मग भावाला लुगड्याच्या पदरात गुंडाळलं, डोक्यावरून पोतं घेतलं आणि पावसात निघाली, सडकेकडे. मला मोठीमायकडे सोडलं.

पुढचं मी ऐकलेलं आहे. सडकेवर चिंचेखाली ती उभी राहिली. यष्टी निघून गेली होती. ट्रक येत होते, जात होते, एकही थांबला नाही. आणि तिथंच तो गेला. दिवस कलताना बाबा तिथं पोचले, बैलगाडी घेऊन. त्याच गाडीत तिघं परत आले. गाडीवाला शेजारच्या गावचा होता. त्यानं मोठीमायला सांगितलं की वाटेत दोघं एका शब्दानं बोलले नाहीत. मोठीमाय म्हणाली, "बोलन कशी? परका माणूस होता ना मधात."

त्यानंतर ते बोललेच नाहीत. आधीही चारचौघांत बोलत नव्हतेच, त्यामुळे कोणाला फरक दिसला नाही. मला दिसला. आधी माय चुलीशी असली की बाबा उगाच पाणी प्यायला आत यायचे, काहीतरी कुजबुजायचे, माय पदर तोंडाला लावायची. ते थांबलं. आणि 'पाह्यतो' हा शब्द मायनं सोडला. दारावर बांगड्यावाली आली तरी ती "उद्या ये" म्हणायची, "पाह्यतो" नाही.

मी काय समजत होते ते सांगते. मी एक शब्द आणला आणि माझा भाऊ मेला. इतकंच समजत होते. कोणी मला तसं म्हटलं नाही, पण तसं नाही असंही कोणी म्हटलं नाही. लेकराला एवढं पुरतं. आणि तरी निरोप मीच नेत होते, रोज, पुन्हा पुन्हा. प्रत्येक निरोप मी वाटभर घोकत न्यायचे. "भाजी जळली म्हणून सांग" म्हटलं तरी घोकायचे.

अशी मी मोठी झाले. शाळा झाली, न्हाण आलं, लग्नाचं वय झालं. पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट असेल. लाखनीचं स्थळ आलं. सडकेवर त्यांचं सायकलचं दुकान होतं. चार माणसं मला पाहून गेली, मी नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, पोहे दिले. पसंती कळवली. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची बोलणी करायला ते पुन्हा आले, साडी देऊन गेले, लग्न मार्गशीर्षात करायचं ठरलं. मला पोरगा बरा वाटला होता. तो हसला होता, आणि त्याची आई त्याला सरळ म्हणाली होती, "अरे, तू विचार ना तुले काय विचारायचं ते." त्या घरात माणसं सरळ बोलतात, हे मी तेव्हाच टिपलं होतं. मला त्या घरी जायचं होतं. एवढी कशाचीच ओढ मला आयुष्यात लागली नव्हती.

पाहुणे गेले त्या संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "मायले सांग, मार्गशीर्षातली तारीख धरली." मी आत जाऊन सांगितलं. माय भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "बाबाले विचार, हे पोरगी गेल्यावर मले कोण सांगन?"

मी छपरीच्या दारात आले. बाबांनी मान वर केली. मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. हापशीचं पाणी खाली गेलं की दांडा नुसता खालीवर होतो ना, तसं झालं. बाबा म्हणाले, "काय झालं?" मला रडू आलं, तेही बिनआवाजाचं.

दोन दिवस मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध. मग मोठीमायनं निकाल दिला, बाहेरचं लागलं आहे, साक्षगंधाच्या साडीवर नजर पडली. एकानं लिंबू कापले, एकानं राख खाऊ घातली, एकानं पाठीवर निंबाच्या काड्या ओढल्या. त्या काड्यांनी वळ उठले, आवाज उठला नाही. साकोलीच्या डॉक्टरांनी भंडाऱ्याला पाठवलं.

आणि घरात काय चाललं होतं? निरोप नेणारीच मुकी झाल्यावर घर कसं चालणार? ते पाहण्यासारखं होतं, आणि मी पाहत होते. माय गायीला सांगू लागली, "बाई, दळण सरलं बरं का." बाबा दाराच्या चौकटीला सांगायचे, "उद्या मी बाजारले जाऊन राहिलो." लेकी बोले सुने लागे म्हणतात, आमच्याकडे गायी बोले नवऱ्याला लागे असं झालं. हसू यावं असं होतं. मला मात्र हसताही येत नव्हतं.

भंडाऱ्याला आम्ही तिघंही गेलो. तिथल्या मोठ्या दवाखान्यात घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं, पुन्हा बघितलं, म्हणाले, "घसा चांगला आहे. घशाचं हे दुखणं नाही." बाबा चिडले. घशातून आवाज येत नाही आणि हा म्हणतो घशाचं नाही. डॉक्टरांनी एका खोलीकडे बोट दाखवलं. दर बुधवारी तिथं नागपूरहून एक बाई येत, घराघरांतल्या कुरबुरी ऐकायला. बाहेर पाटीवर कुटुंब सल्ला असं काहीतरी लिहिलं होतं. बाबांना वाटलं हे पाळणा लांबवायचं ऑफिस आहे, आणि ते दारातूनच परत फिरत होते. मी त्यांची बाही धरली.

त्या बाई चष्मेवाल्या, बारीक, सर्दी झालेल्या. टेबलावर चहावर साय धरलेली. काही फार थोर वगैरे दिसत नव्हत्या. त्यांनी बाबांना विचारलं, "भाऊ, हिचा आवाज गेला त्या दिवशी घरात काय झालं होतं?"

बाबा माझ्याकडे वळले. "सांग बाईले, काय झालं ते."

बाई थांबल्या. "तिला तर बोलताच येत नाही ना?"

बाबा खाली बघू लागले. तेवढ्यात माय माझ्या कानाशी वाकली, "बाबाले सांग, यष्टी चुकन." बाईंनी हातातली पेन्सिल ठेवली. आळीपाळीनं आमच्या तिघांकडे बघितलं. मग विचारलं, "घरीही असंच?" मायनं पदर पुढं ओढला. त्या मला म्हणाल्या, "तू बाहेर बाकावर बस, बाळ. इथं तुझं काम नाही."

इथं तुझं काम नाही. हे वाक्य मला कोणी म्हणेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

दाराला नुसता पडदा होता, सगळं ऐकू येत होतं. बाई म्हणाल्या, "आता मधात कोणी नाही. एकमेकांशी बोला. काहीही. सकाळी काय खाल्लं ते सांगा." पंख्याची घरघर तेवढी. बाबांनी घसा खाकरला. शेवटी माय म्हणाली, "बाई, ह्यायले सांगा, घरी गाय बांधून आहे, चला म्हणा." बाई म्हणाल्या, "मी नाही सांगणार." आणि खरंच नाही सांगितलं. माय उठून बाहेर आली, लालबुंद. यष्टीत माझ्या कानाशी सारखी पुटपुटत होती, "नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून बोल म्हणते. मले तमाशातली समजली का?"

तिथंच हे संपलं असतं. पण लाखनीहून निरोप आला, आम्ही मार्गशीर्षापर्यंत थांबतो, पोरगी बोलती झाली तर ठीक, नाहीतर आम्हाला दुसरीकडे पाहावं लागेल. बाबा माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "मायले सांग," म्हणाले, आणि थांबले. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग दाराकडे तोंड करून, जरा मोठ्यानं म्हणाले, "बुधवारी पुन्हा जाऊ." आत मायच्या हातातलं भांडं वाजलं. बुधवारी ती तयार होती.

मी बाकावर, ते दोघं आत. शेजारी हाताला झोळी बांधलेला एक माणूस बसला होता. बाईंनी विचारलं, एकमेकांशी शेवटचं कधी बोललात. माय म्हणाली, "पोरगं होतं तेव्हा." मग बाईंनी त्या दिवसाचं विचारलं. म्हणाल्या, एकमेकांना नका सांगू, मलाच सांगा, पण दोघांनीही सांगा.

मायनं सांगितलं. पोराची नजर, माझं धावणं, सगळं. "मंग निरोप आला, पाह्यतो. पाह्यतो म्हणजे काय बाई? पाहू मंग. रोवणा टाकून कोण येते? पोरापरीस बांधी मोठी होती. मी वाट पाह्यली, मंग मीच निघाली."

आत खुर्ची करकरली. मग बाबांचा आवाज आला, घोगरा. "गाडी पाह्यतो म्हटलं मी."

आमच्याकडे हा शब्द असा आहे. बैल पाहतात, पोरीसाठी पोरगा पाहतात, घरासाठी लाकूड पाहतात, म्हणजे हिंडून शोधतात आणि घेऊनच येतात. आणि कोणाला वाटेला लावायचं असलं तरी पाह्यतोच म्हणतात. कुठला पाह्यतो हे माणसाच्या तोंडाकडे बघून कळतं. मायनं बाबांचं तोंड बघितलं नव्हतं. तिनं माझं बघितलं होतं.

"आमच्या गाडीचा आख मोडला होता," बाबा बाईंना सांगत होते. "हे हिलेबी माहीत. मी बैल चिखलात सोडले, तसाच निघालो. रोवण्यात गाडी कोण देते? सगळ्याइचे बैल वावरात. शेजारच्या गावी हातापाया पडलो तवा एकानं जुंपली. घरी आलो तं दार उघडं. हिनं दम नाही धरला. तापाचं लेकरू पाण्यात घेऊन गेली. मी गाडी आणून राहिलो, आन् हिनं दम नाही धरला."

"हे तुम्ही यांना कधी सांगितलं?"

"सांगाचं काय? गाडी घेऊनच तं गेलो सडकेवर. पाह्यली नं हिनं गाडी."

"ताई, तुम्हाला काय वाटलं होतं? गाडी कशाला आणली?"

माय बाईंना उत्तर देत नव्हती. आवाज आला तो वेगळ्याच बाजूला वळलेला होता, आणि मला कळलं, ती बाबांकडे वळली आहे. "तुमी गाडी पाह्याले गेलते?"

"मंग अन् कायले गेलतो?"

"मले वाटलं, कोणी सांगितलं म्हणून मागून आले. मयत न्याले आणली वाटलं गाडी."

माझ्या माय-बाबांनी इतक्या वर्षांनी एकमेकांना म्हटलेले पहिले शब्द हे असे. त्यानंतर मायनं जो आवाज काढला तो मला लिहिता येणार नाही. भाऊ गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. टेबलावर हात आपटत होती, बांगड्या फुटल्याचं ऐकू आलं. "गाडी म्हणाले असते तं बसली असती नं मी घरी. एक गाडी शब्द जास्तीचा म्हटला असता तं काय जीभ झडली असती?"

"बसली असती तं वाचलं असतं का?" बाबा म्हणाले. ह्याचं उत्तर बाईंनी दिल्यासारखं केलं नाही, हे त्यांचं मला आजही बरं वाटतं.

रडणं जरा ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "निरोप कोणी आणला होता?"

"पोरीनं," दोघंही एकदम म्हणाले.

मी बाकाच्या कडेला सरकले. पडद्यामागे ते माझ्याकडे बघत असणार, मी इकडून पडद्याकडे बघत होते. आता काय ऐकायचं ते ऐकू, म्हटलं मनाशी. आणि माय म्हणाली, "तिचं काय, बाई? लेकरू होतं ते. जो शब्द देल्ला तो आणला तिनं. चिखलात पडत-झडत आणला." बाबा म्हणाले, "तिच्यावर काय आहे? काहीच नाही."

काहीच नाही. हे सांगायला माझ्या आईबापांना नागपूरची बाई लागली. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की मी बाकावर दोन्ही गुडघ्यांत डोकं घालून बसले. झोळीवाला माणूस विचारत होता, "पोट दुखते का बाई?" मी मान हलवली.

लोकांना वाटतं, एकदा मनातलं बोललं की घर हलकं होतं. आमचं घर आधी कधी नव्हतं इतकं जड झालं. माय भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बाबा वावरातच झोपायला जाऊ लागले. इतके दिवस दोघांना एकमेकांचा राग तरी होता, धरून राहायला. तो गेल्यावर हातात काय उरलं, तर पोरगं गेलं, आणि त्याच्यामागं आपली अर्धी जिंदगी उगाच गेली. माझा आवाज तसाच बंद. मार्गशीर्ष लागला आणि लाखनीहून माणूस येऊन साडी परत घेऊन गेला. पोरानं दुसरीकडे केलं. मुकी पोरगी कोण करणार, त्यांचंही काही चुकलं नाही. पण मला ते घर हवं होतं, आणि ते गेलं.

स्थळ मोडल्यावर बाबा म्हणाले, आता कायले जायचं भंडाऱ्याला? तेव्हा माय उठली. जी पहिल्या दिवशी तमाशातली समजली का म्हणत होती, तीच. बाबांकडे न बघता, पण त्यांनाच, म्हणाली, "माझं बोलून नाही झालं अजून." मग किती बुधवार आम्ही गेलो ते मी मोजलं नाही. मी बाहेर बाकावर, ते आत. आत कधी रडणं, कधी कचाकचा भांडण. बाईंनी एकच गोष्ट धरून ठेवली होती. नुसतं पाह्यतो म्हणायचं नाही. काय पाह्यतो, कुठं पाह्यतो, कधी येतो, सगळं सांगायचं. बाबांना ते पोराटोरांसारखं वाटायचं, तरी म्हणायचे.

हळूहळू भांडण घरी येऊ लागलं. मायचा आवाज भिंतीपलीकडे गेला. गावात बोभाटा झाला. मोठीमाय पाणवठ्यावर कपाळ बडवून सांगत होती, "इतकी मर्यादेची बाई, भंडाऱ्याच्या त्या चष्मेवालीनं नासवली. नवऱ्याले उलटून बोलते आता. सोन्यासारखं घर बिघडवलं." घर सोन्यासारखं होतं तेव्हा मोठीमायनं त्यात एक दिवस राहून दाखवायला हवं होतं.

थंडी सरत आली होती. दुपारची वेळ. बाबा छपरीत बसून दोर वळत होते. मायनं चुलीवरून भात उतरवला, आणि तोंडातून सवयीनं गेलं, "बाबाले सांग, जेवाले या म्हणा." मी मुकी आहे हेही ती विसरली होती. आणि मीही विसरले. उठले, दारापर्यंत गेले. समोर बाबांची पाठ दिसत होती, वाकलेली, दोर वळणारी. जेवाले या, जेवाले या, मी घोकत होते. मी दारातच थांबले आणि मागं वळले.

"तूच सांग."

आवाज फाटका होता, बेडकासारखा. आधी मला वाटलं मोठीमाय बोलली. माय चुलीशी तशीच बसून राहिली, हातात पळी. छपरीत दोर थांबला.

"तूच सांग ना, माय," मी म्हणाले.

ती उठली. माझ्याजवळून गेली, जाताना ओला हात माझ्या गालावरून फिरवला आणि छपरीच्या दारात उभी राहिली. बाबा तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, "पोरगी बोलली." मग जरा थांबून, "जेवाले चाला."

"येतो. एवढा पीळ भरतो आन् आत्ताच येतो," बाबा म्हणाले. काय करतो, कधी येतो, सगळं सांगून.

ते जेवायला बसले. मायनं भात वाढला, वरण वाढलं आणि त्यांच्या समोरच बसली, जी कधी बसत नसे. तिनं विचारलं, "त्या दिवशी गाडी भेटाले इतका उशीर काहून झाला?" भंडाऱ्याला इतक्यांदा भांडून झालं होतं, पण हे तिनं कधी विचारलं नव्हतं. बाबांनी हातातला घास खाली ठेवला आणि सांगायला लागले. आधी कोणाच्या दारी गेले, तिथं काय म्हणाले, मग कोणाच्या, तिथली म्हातारी काय म्हणाली, कोणाचे बैल कुठल्या वावरात होते. सगळं. मधेच त्यांनी पोराचं नाव घेतलं. मायनं ते ऐकलं, आणि मग तिनंही घेतलं. भात थंड झाला.

मी माझी ताटली घेऊन चुलीपाशी बसले आणि जेवले. मला कोणी काही सांगायला सांगितलं नाही.